विनाकारण जळणारा दिवा

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

डोंबिवली,
१३ जून १९९४

चि. हरिहर,

मावशीचे आशीर्वाद. पत्र कशाला, फोन करायचा होता, असं म्हणशील. खाली वाण्याकडे फोन आहे, पण तो पैसे घेतो आणि वर आपलं बोलणंही ऐकतो. शिवाय मला जे सांगायचं आहे ते एका फोनात मावणारं नाही.

आमच्याकडे कॉम्प्युटर आला आहे. आनंदानं फोर्टमधल्या एका बंद पडलेल्या ऑफिसातला घेतला, उत्तरासाठी. चिमी झाली तेव्हा तिनं नोकरी सोडली, पण टायपिंगचा हात आहे, तो रिकामा बसवेना. आता ती घरीच लग्नपत्रिका, हँडबिलं असलं काहीबाही टाइप करून देते. कॉलेजातल्या एका सरांचा प्रबंधही आला आहे. मला ही कल्पना मनापासून पटली. सून घरात, काम घरात, नात डोळ्यांसमोर.

पण हे यंत्र उठतच नाही रे! पहिला आठवडा शहाण्यासारखं वागलं. मग कोणाची दृष्ट लागली कोण जाणे. सुरू केलं की काळ्या पडद्यावर आकडे मोजत बसतं. मी कुकर लावते, फुलं निवडते, देवांना आंघोळ घालते, तरी ह्याचं मोजणं चालूच. मग खिडक्यांचं चित्र येतं, तेही लग्नातल्या रुसलेल्या विहिणीसारखं जागचं हलत नाही.

सरांना प्रबंध वेळेवर मिळाला नाही, त्यांनी तोंड वाकडं केलं. आणि ठाण्याला नौपाड्यातल्या एका छापखान्याचं उत्तराला बोलावणं आलंय. तिथे चार मशिनं आहेत म्हणे. आनंदा म्हणतो, "जुलै संपेपर्यंत हा डबा सुधारला नाही तर विकून टाकू, आणि तिला जाऊ दे नोकरीला." मला हे मुळीच नको आहे. चिमी अडीच वर्षांची आहे. तिला सोडून सून रोज ठाण्याला गेली, तर बिल्डिंगमधल्या बायका मलाच विचारतील, आणि मी काय सांगू?

तू ह्याच धंद्यातला आहेस. काहीतरी सुचव. घरातून निघताना चपाती खाऊन निघत जा, वडापाववर दिवस काढू नकोस.

तुझी
मावशी

---

कोपरी, ठाणे पूर्व
१७ जून १९९४

ती. सौ. मावशी,

नमस्कार. पत्र पोचलं. घाबरू नका. लक्षणांवरून हा सरळ सरळ हार्डवेअर फॉल्ट आहे. मशीन सुरुवातीला जे आकडे मोजतं ती त्याची मेमरी. ती मोजायला वेळ लागतो म्हणजे एक तर रॅमच्या पट्ट्यांना गंज धरला आहे, नाही तर हार्ड डिस्क थकली आहे. पॉवर सप्लायही कमी पडत असेल. डोंबिवलीचं व्होल्टेज मला माहीत आहे.

आमच्या वागळे इस्टेटच्या वर्कशॉपमध्ये अशी मशिनं रोज येतात. कव्हर काढा. आतल्या उभ्या हिरव्या पट्ट्या अलगद काढून त्यांची सोनेरी कडा शाळेच्या खोडरबराने पुसा आणि परत घट्ट बसवा. पंख्यावरची धूळ कोरड्या ब्रशने काढा. आधी प्लग काढायला विसरू नका. त्याने भागलं नाही तर पॉवर सप्लाय बदलून बघा.

सध्या रविवारीही क्लास घेतो, म्हणून यायला जमत नाही. लिहून कळवा. मुद्द्याचं तेवढंच लिहिलंत तरी चालेल.

आपला
हरिहर

---

॥ श्री ॥

डोंबिवली,
२५ जून १९९४

चि. हरिहर,

आशीर्वाद. मुद्द्याचं तेवढंच लिही म्हणतोस, बरं. खोडरबर चिमीच्या खेळण्यांत सापडलं. उत्तरानं पट्ट्या काढल्या, मी पुसल्या. चांदीची निरांजनं घासल्यासारख्या लख्ख केल्या. पंख्यावरची जळमटं जुन्या दात घासायच्या ब्रशनं काढली. इतकं स्वच्छ मशीन त्या फोर्टच्या ऑफिसानं जन्मात पाहिलं नसेल. पुन्हा सुरू केलं. पुन्हा मोजायला बसलं.

मग आनंदा लॅमिंग्टन रोडला जाऊन पॉवरचा डबा घेऊन आला. जुना काढला, नवा घातला. नव्या डब्याचा पंखा जरा जास्त आवाज करतो, एवढाच फरक.

तुझ्या काकांनी ह्यात आपली दिशा घातली. म्हणाले, "आग्नेयेला तोंड करून ठेवलंय, त्याला कसं सुधारणार?" टेबल फिरवून उत्तरेला केलं. आता पडद्यावर खिडकीचं ऊन येतं. उत्तरा डोळे बारीक करून काम करते, आणि मशीन उत्तरेला तोंड करून मोजतं. वरच्या मजल्यावरचे इलेक्ट्रिशियन येऊन म्हणाले, स्टॅबिलायझर हवा. त्यांच्याकडे एक विकायलाच होता, हा योगायोग.

मी आपली काटकसर करून बघते. मशीन चालू असताना ट्यूबलाइट लावत नाही, इस्त्री करत नाही, न जाणो त्याच्या वाटचं करंट आपण खात असू. सगळं शक्य तेवढं विझवून ठेवते. तरीही ते सुस्तच.

उत्तरा बिचारी चकार शब्द बोलत नाही. मी कळवळून म्हटलं, "अगं, वैतागत कशी नाहीस?" तर म्हणते, "आई, मशीनपुढे कोणाचं काय चालणार?" इतकी समजूतदार सून मिळायला पुण्याई लागते.

एकदा येऊन जा. तुझ्या आवडीचं वालाचं बिरडं करते.

मावशी

---

ठाणे, ३० जून १९९४

ती. मावशी,

हे कार्ड घाईत. ३ तारखेच्या रविवारी दुपारी येतो. माझी डिस्क तपासायची फ्लॉपी आणि मीटर घेऊन येतो. मशीनला तोवर कोणी हात लावू नये. स्टॅबिलायझर घेऊ नका.

हरिहर

---

कोपरी, ठाणे
५ जुलै १९९४

ती. सौ. मावशी,

नमस्कार. बिरड्याची चव अजून जिभेवर आहे. पण मी परत आलो तो डोकं खाजवत.

तुम्ही सगळ्यांनी पाहिलंत. मी बटण दाबलं आणि मशीन टुणकन उठलं. तीन वेळा बंद करून चालू केलं, तिन्ही वेळा तसंच. मेमरी सरसर मोजली. डिस्क तपासली, एक डाग नाही. व्होल्टेज मोजलं, ठाण्यापेक्षा बरं. डॉक्टर आला की पोट दुखायचं थांबतं, तशातली गत. आनंदाचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. वहिनी तर चहा द्यायला आल्या आणि पडद्याकडे न बघताच आत गेल्या.

मी एवढंच म्हणेन की आत कुठे तरी सैल सांधा असावा, तापला की फाकतो. इंटरमिटंट फॉल्ट. तो पकडणं सगळ्यांत कठीण. मशीन आठवडाभर माझ्याकडे ठेवलं तर सापडेल.

एक गंमत लिहितो. तुम्ही काटकसरीच्या म्हणून आमच्याकडे आईनं तुमचे किती किस्से सांगितलेत! पण त्या दिवशी भर दुपारी घरातले झाडून सगळे दिवे चालू होते. देवघरातला लाल बल्बही. मला वाटलं दिवाळी आली.

आपला
हरिहर

---

॥ श्री ॥

डोंबिवली,
९ जुलै १९९४

चि. हरिहर,

आशीर्वाद. तू गेलास आणि सोमवारी सकाळी मशीन पुन्हा मोजायला बसलं. आनंदा चिडला. म्हणाला, "हरिहर आला की हा उठतो, मग हरिहरलाच ठेवून घेऊ या." मशीन तुझ्याकडे पाठवायला तो तयार नाही. त्यापेक्षा विकेन म्हणतो.

दिव्यांवरून हसलास, तेव्हा सांगते. काटकसर ही घरातल्यांसाठी असते. पाहुणा आला असता अंधारात बसवलं तर तो खाली उतरताना काय म्हणेल? तुझ्या आजीची शिकवण आहे. दारात चपला वाढल्या की दिवे वाढायला हवेत. म्हणून कोणी येणार असलं की मी घरभर फिरून सगळं लावते, आणि गेलं की फिरून सगळं विझवते. त्या मशीनचा पुढचा दिवासुद्धा तुझ्यासाठी लावला होता.

एरवी तो मी बंद ठेवते. पुढे दोन दिवे आहेत ना? एक चालू असल्याचा, तो समजू शकते. पण दुसरा पिवळा कशाला जळतो? त्याच्याखाली इंग्रजीत टर्बो लिहिलंय. शेजारीच बटण आहे, ते दाबलं की विझतो. मशीन काही बंद पडत नाही. उलट वरच्या काचेतला आकडा तेहतीसचा आठ होतो, पंख्याचा रेग्युलेटर कमी करावा तसा. म्हणजे तेवढं करंट वाचलंच की. ह्या घरात विनाकारण जळणारा दिवा मला दिसला आणि मी विझवला नाही, असं लग्नापासून झालेलं नाही.

तुझा तो सैल सांधा कुठे आहे तेवढं लवकर शोध. छापखान्याचा माणूस परवा पुन्हा निरोप ठेवून गेला.

मावशी

---

कोपरी, ठाणे
१३ जुलै १९९४

सौ. उत्तरावहिनी यांस,

नमस्कार. हे पत्र मुद्दाम तुमच्या नावानं टाकतो आहे. मावशीचं पत्र वाचून मी वर्कशॉपमध्येच इतका हसलो की साहेब केबिनमधून बाहेर आले.

वहिनी, मशीनला काहीही झालेलं नाही. टर्बोचं बटण म्हणजे मशीनच्या वेगाचं बटण. ते बंद केलं की तेहतीसच्या वेगानं पळणारं मशीन आठच्या वेगानं रांगतं. मावशी रोज ते विझवते, आणि मी आलो तेव्हा पाहुणचार म्हणून तिनं ते लावलं. आमच्याकडे त्या बटणाला कोणी हातच लावत नाही, म्हणून माझ्याही डोक्यात आलं नाही. रॅम पुसली, पॉवर सप्लाय बदलला, घर उत्तरेला फिरवलं, आणि कारण काय, तर लाईटबिल!

मावशीला हे सरळ सांगवत नाही. तिला कळलं की नोकरी नको नको म्हणत तिनंच तुमचं काम बसवलं, तर ती जेवायची नाही. तुम्ही काहीच बोलू नका. दिव्यावर इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवा आणि बटण चालू ठेवा. दिवा दिसला नाही की ती विझवणार नाही. आनंदालाही कळायला नको, तो चेष्टा करून बेजार करेल. मशीन आपोआप सुधारलं म्हणा.

तुमचा
हरिहर

---

डोंबिवली,
१८ जुलै १९९४

हरिहर भाऊजी,

नमस्कार. तुमचं पत्र मिळालं. हसू नका, आणि रागावू नका.

त्या बटणाचं मला पहिल्याच पंधरवड्यात कळलं होतं. जुन्या ऑफिसात असंच मशीन होतं, काचेत आठ बघितला की ओळखू येतं. मी आईंना सांगणार होते, अगदी तोंडावर आलं होतं. पण त्याच दिवशी छापखान्याचा निरोप आला आणि मी गप्प बसले.

तेव्हापासून आमचा दिनक्रम असा आहे. आई सकाळी पूजेनंतर दिवा विझवतात. दुपारी त्या देवळात गेल्या की मी लावते आणि भराभर काम उरकते. हे यायच्या आधी पुन्हा विझवते, म्हणजे ह्यांना मशीन रांगताना दिसतं. सरांचा प्रबंध कधीच तयार होता, मीच उशिरा दिला. तुम्ही आलात त्या दिवशी आईंनी दिवा लावलेला बघून मी चहा देऊन तशीच आत गेले.

तुम्हाला वाटेल, ही बाई एवढा खटाटोप का करते, सरळ सांगत का नाही? नोकरीला जाते म्हणून सांगून बघितलं होतं. मागच्या वर्षी. आई म्हणाल्या, "घरबसल्या काम मिळालं तर करशील ना?" मिळालं. पण भाऊजी, घरबसल्या केलेल्या कामाला घरात कोणी काम म्हणत नाही. मी प्रबंधाच्या मधल्या पानावर असते आणि हाक येते, "उत्तरा, बसलीच आहेस तर दूध बघ." "बसलीच आहेस तर वाटाणे सोल." सासरे दारावरची बेल वाजली की म्हणतात, "ती बसली आहे, ती उघडेल." आई प्रेमळ आहेत, त्यांना बोल लावत नाही. त्यांनाही आयुष्यभर हेच ऐकावं लागलं असेल. पण मला असं एक टेबल हवं आहे, जिथे मी बसले म्हणजे मी काम करते आहे.

मशीनच बिघडलेलं असलं की कोणी कोणाला नाही म्हणत नाही. हे म्हणतात, "बिचारीचा नाइलाज." आईही हळूहळू तसं म्हणतील. चिमीला त्या माझ्याइतकंच सांभाळतील, माझ्याहून जास्तच. एक ऑगस्टला बोलावलं आहे.

तुमच्या टेपच्या तुकड्यानं माझी नोकरी जाईल. मशीनमध्ये खरंच काहीतरी बिघडलंय असं आईंना लिहा. तुमच्या शब्दाला त्या देवाच्या कौलासारखं मानतात. हे पत्र वाचून फाडून टाका.

उत्तरा

---

कोपरी, ठाणे
२४ जुलै १९९४

ती. सौ. मावशी,

नमस्कार. बराच विचार केला, आमच्या सीनियर लोकांशीही बोललो. निष्कर्ष असा की तुमच्या मशीनचा मदरबोर्ड थकला आहे. मदरबोर्ड म्हणजे ज्याच्यावर बाकीचं सगळं बसलेलं असतं तो. तो कधी चालतो, कधी चालत नाही, म्हणून माझ्यापुढे चालला. त्याला रबर, ब्रश, दिशा, कशाचाही उपयोग नाही. नवा घालणं परवडण्यासारखं नाही.

तेव्हा ह्या मशीनवर धंदा अवलंबून ठेवू नये असं माझं प्रामाणिक, म्हणजे तांत्रिक मत आहे. उत्तरावहिनींना छापखान्यात चांगली मशिनं मिळत असतील तर तेही वाईट नाही. हे मी कोणाच्या सांगण्यावरून लिहीत नाही.

पिवळा दिवा तुम्ही विझवता त्यात काही वावगं नाही. खुशाल विझवा.

आपला
हरिहर

---

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

डोंबिवली,
४ ऑगस्ट १९९४

चि. हरिहर,

अनेक आशीर्वाद. उत्तरा सोमवारी कामावर रुजू झाली. मी तिच्या हातावर दही घातलं, डब्यात बटाट्याची भाजी दिली. वाकली तेव्हा डोळे भरून आले होते तिचे. माझेही. चिमीनं जाताना रडण्याऐवजी टाटा केलं आणि आम्हा दोघींचीही पंचाईत केली.

तुझ्या काकांना मी सांगितलं, मदरबोर्ड थकला. त्यांनी मान हलवली, जणू रोज मदरबोर्डच बघतात. बिल्डिंगमधल्या बायकांनी विचारलंच, "सून नोकरीला? आणि लेक?" म्हटलं, "काय करणार हो, मशीनचा मदरबोर्ड गेला. भाचा एवढा हुशार, त्यानंही हात टेकले." सगळ्या हळहळल्या. एकीनं तर विचारलं, डॉक्टरनं काय निदान केलं.

हरिहर, तू मशिनं दुरुस्त करत जा. खोटं बोलणं तुझ्या घराण्यात कोणालाच जमलं नाही, तुझ्या आईलाही जमायचं नाही. "हे मी कोणाच्या सांगण्यावरून लिहीत नाही," असं कोणी आपण होऊन लिहितं का रे?

तू उत्तराला पत्र टाकलंस ते पोस्टमननं माझ्याच हातात दिलं. मी फोडलं नाही. सुनेचं पत्र फोडायची आमच्यात रीत नाही. पण भाचा मावशीला सोडून मावशीच्या सुनेला का लिहितो, एवढं मनात यायला पत्र फोडावं लागत नाही. तोवर मी तुला दिव्याचं सगळं लिहून बसले होते. तुझं उत्तर आलं नाही, आणि तिला पत्र आलं. दुसऱ्या दिवशी मी पूजेनंतर तो पिवळा दिवा विझवलाच नाही. बघू तरी, म्हटलं. मशीन चहाला उकळी यायच्या आत उठलं! आणि मी रे, महिनाभर दत्ताला साकडं घालत होते, "देवा, ह्याला उठव." देव काय म्हणत असेल, आधी तू हात काढ!

मला रडूच आलं. उत्तराला बोलवायला निघाले, बाई ग, माझंच चुकलं, म्हणायला. स्वयंपाकघराच्या दारात थांबले. तिनं हातातलं पान पुरं केलं, घड्याळ बघितलं, आनंदाची यायची वेळ झाली होती. आणि हळूच बोट पुढे करून तिनं दिवा विझवला. मशीन बंद करून पुन्हा चालू केलं, आणि मांडीवर हात ठेवून त्या आकड्यांकडे बघत बसली. दाणे टिपल्यासारखे ते एकेक पुढे जात होते. दवाखान्यात नंबर लागायची वाट बघतात तसा तिचा चेहरा होता. मी आल्या पावली मागे फिरले आणि भांडी जरा मोठ्यानं वाजवली.

रात्रभर राग आला, हे तुला सांगायला हरकत नाही. मी रोज तिच्यापाशी जाऊन कळवळते, आणि ही मला "आई, मशीनपुढे कोणाचं काय चालणार" म्हणते! मग राग कसा कोण जाणे उतरला. तिनं मला विचारलं असतं तर मी काय म्हटलं असतं? नाहीच म्हटलं असतं. सासूला नाही म्हणावंच लागतं, ते तिचं काम आहे. एकदा नाही म्हटलं की मग फिरवता येत नाही. मशीननं विचारलं, मशीनला हो म्हणायला कोणाची लाज?

तेव्हापासून दिवा मी पुन्हा विझवायला लागले. सकाळी पूजेनंतर, आणि संध्याकाळी आनंदा यायच्या आधीही. तिचं तेवढंच एक काम कमी. एकदा आम्ही दोघीही एकाच वेळी त्या बटणाशी पोचलो. ती म्हणाली, "आई, धूळ पुसत होते." मी म्हटलं, "मीही." आणि दोघींनी पदरानं पुसलं.

यंदा चातुर्मासात कांदा-लसणाबरोबर मी थोडं बोलणंही सोडलंय. म्हणून तिला ह्यातलं काही सांगितलेलं नाही, आणि तूही सांगू नकोस. सासूला फसवून बाहेर पडले, ह्या समजुतीत ती सुखात आहे. मशीननं दगा दिला म्हणून मलाही सगळीकडे सहानुभूती मिळते. मीच पाठवली म्हटलं तर त्याच बायका उद्या जाब विचारायला माझ्या दारात उभ्या राहतील.

आनंदा मशीन विकणार होता. मी विकू दिलं नाही. म्हटलं, मदरबोर्ड गेलेलं मशीन घेणार कोण? तो विचारात पडला.

वाण्याच्या फोनवर चुकूनसुद्धा ह्यातलं काही बोलू नकोस. श्रावणातल्या एखाद्या रविवारी बिरडं खायला जरूर ये. पण मीटर, फ्लॉपी, हत्यारं काही आणू नकोस. तुझा तो मदरबोर्ड आहे तसा बिघडलेलाच राहू दे.

तुझी
मावशी